पोटाचं दुसरं ऑपरेशन आणि 'तुझंच चुकलं' म्हणणारे लोक

गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गावर मराठीचा तास चालू असताना माझा आवाज गेला. कविता वाचत होते. तिसऱ्या कडव्याला घशातून नुसती हवा यायला लागली. मुलांना वाटलं टीचर मुद्दाम थांबल्या, आता प्रश्न विचारणार. दोघांनी तर माना खाली घातल्या. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने पुस्तक हातात घेतलं आणि पुढची कडवी तिनेच वाचली.

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईचं सगळं भांडवल म्हणजे तिचा आवाज. मुलं 'ळ' आणि 'ण' माझ्या तोंडाकडे बघून शिकतात. तो आवाज गेली काही वर्षं रोज थोडा थोडा जळतोय आणि त्याचं मूळ साडेआठ वर्षांपूर्वी केलेल्या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनमध्ये आहे. ही गोष्ट आजपर्यंत घरातली माणसं आणि डॉक्टर सोडले तर कुणालाच माहीत नव्हती. ती इथे लिहायचं कारण असं की, हे ऑपरेशन करून घेतलेल्या आणि नंतर त्रासात पडलेल्या निदान तीन बायका मला आमच्याच शहरात भेटल्या आणि तिघीही माझ्यासारख्याच गप्प होत्या.

मे २०१७. वजन ११८ किलो, उंची पाच फूट दोन इंच. साखरेच्या दोन गोळ्या चालू, गुडघे दुखायचे, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत हजेरीची वेळ निघून जायची. पुण्याच्या डॉक्टरांनी 'स्लीव्ह' सुचवलं. यात पोटाची पिशवी उभी कापतात, तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. काढलेला भाग परत बसवता येत नाही. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूकही कमी होते.

त्या दिवसांत इजिप्तच्या इमान अहमदची बातमी रोज टीव्हीवर होती. फेब्रुवारीत तिला मालवाहू विमानाने मुंबईला आणलं होतं, मार्चमध्ये तिचंही हेच ऑपरेशन झालं, मेमध्ये तिला अबू धाबीला हलवलं. अम्मीला भीती वाटायला तेवढं पुरेसं होतं. यांच्याकडे दुसऱ्या बाजूचे पुरावे होते: नितीन गडकरींनी २०११ मध्ये केलं, अरुण जेटलींनी २०१४ मध्ये केलं, मंत्री लोक उगीच करतात का? अम्मीचं उत्तर एकच, "उनो मंत्री हैं बेटा, तू टीचर है." सप्टेंबरात इमान वारली. त्या रात्री अम्मीने फोन करून मला नुसतं "खाना खाई क्या?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून ऑपरेशन केलं. घरात ठरलं की बाहेर सांगायचं, पित्ताशयातले खडे काढले. मोहल्ल्यात पित्ताशय चालतं. वजनासाठी पोट कापलं म्हटलं की माणसं दोन गोष्टी बोलतात. एक, खाण्यावर ताबा नव्हता. दोन, पैसा जास्त झाला होता.

आता या खोट्याची गंमत ऐका. झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. माझे दीड वर्षात ४४ किलो उतरले आणि खरोखरच खडे झाले. पित्ताशय खरोखर काढावं लागलं. आता लोकांना काय सांगायचं? शेजारच्या खालांनी विचारलंच, "आपा, पित्ते दो रहते क्या?"

हसू येतं, पण या लपवाछपवीची किंमत मोठी होती. चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके हातात यायला लागले. हे अपेक्षित असतं आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं, हे मला कुणाला विचारताच आलं नाही. रोज साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत असं सांगितलं होतं. आहाराचा तक्ता इंग्रजीत, त्यात क्विनोआ आणि ॲव्होकॅडो. आमच्या सोलापुरात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. अंडं, मऊ खिमा, पातळ दालचा हे माझ्या नळीत सुखाने उतरतं, हे मी वर्षभर ओकाऱ्या काढून शोधलं. तिसऱ्या वर्षी बी १२ आणि लोहाच्या गोळ्या बंद केल्या, कारण मी आता बरी झाले होते. पायाला मुंग्या यायला लागल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनाही मी पित्ताशयच सांगितलं होतं, मग त्यांना तरी कशावरून संशय यावा? ते गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक देत राहिले आणि मी घेत राहिले. पोटावर असं ऑपरेशन झालेल्या माणसाने या जातीची वेदनाशामकं स्वतःहून घेऊ नयेत. हिमोग्लोबिन ८ वर आलं तेव्हा कुठे तपासणी झाली.

मग आंबट पाणी. २०१९ पासून रात्री आडवं झालं की घशाशी जळजळ. पहिल्यांदा ते नीट कळलं सजद्यात. कपाळ जमिनीला टेकलं आणि तोंडात कडू-आंबट भरलं. नमाज तोडून उठावं लागलं. त्यानंतर मी खुर्चीवर बसून नमाज पढायला लागले. घरच्यांना वाटलं, गुडघे. मी तसंच वाटू दिलं.

स्लीव्हनंतर हा त्रास बऱ्याच जणांना होतो. गोल पिशवीत दाब पसरतो. अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. वरची झडप ढिली असेल किंवा पोटाचा भाग छातीच्या पोकळीत सरकलेला असेल तर जास्तच. ज्यांना ऑपरेशनच्या आधीपासून तीव्र जळजळ असते त्यांना स्लीव्हऐवजी बायपास सुचवावा असं बरेच सर्जन मानतात. मला आधी जळजळ होती का? होती. मी सांगितली का? विचारलं तेव्हा "थोडी ॲसिडिटी आहे" म्हटलं. आपल्याकडे ॲसिडिटी कुणाला नसते? त्यांनीही पुढे विचारलं नाही. दोष वाटायचा तर अर्धा अर्धा वाटू, पण त्यांच्या हातात दुर्बीण होती, माझ्या हातात नव्हती.

दरम्यान वजन ७४ वरून हळूहळू ९१ वर आलं. इथेही खोटं बोलत नाही. अख्खी भाकरी जात नाही, पण चहात बुडवलेली बिस्किटं नळीतून पाण्यासारखी उतरतात. चिवडा, आइस्क्रीम, शीरखुर्मा सगळं उतरतं. मऊ आणि गोड पदार्थांना हे ऑपरेशन अडवत नाही. पण तेवढंच कारण नाही. वजन उतरलं की शरीर ऊर्जा जपून वापरायला लागतं आणि भूक परत मागायला लागतं. लठ्ठपणा हा जुनाट आजार आहे, त्यात थोडं वजन परत येणं नवलाचं नाही. रक्तदाबाची गोळी घेऊनही कुणाचा दाब पुन्हा वाढला तर आपण त्याला 'तुझी गोळी वाया गेली, तुझंच चुकलं' म्हणतो का? डॉक्टर गोळी बदलतात. वजनाच्या बाबतीत मात्र अख्खा मोहल्ला परीक्षक. बारीक झाले तेव्हा "आपा, बीमार है क्या?" आणि आता "क्या आपा, फिर से मोटे हो रए तुम?"

गेल्या वर्षी दुर्बिणीतून तपासणी झाली. अन्ननलिकेच्या खालच्या भागात जखमा, 'ग्रेड सी'. पोटाचा वरचा भाग छातीकडे सरकलेला. बायोप्सीत 'बॅरेट' नावाचा बदल नव्हता, शुक्र अल्लाहचा. कारण हा बदल झालेल्यांपैकी थोड्या जणांत पुढे कर्करोगाची शक्यता असते. मी कागद घेऊन पहिलं ऑपरेशन जिथे झालं तिथे गेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी वजनकाट्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही डाएट पाळलं नाही." नंतर म्हणाले, "रिव्हिजन करावं लागेल."

शाळेत रिव्हिजन म्हणजे उजळणी. परीक्षेआधी झालेलंच पुन्हा करून घेतो. माझ्या डोक्यात तेच आलं, की धडा नीट केला नाही म्हणून आता पुन्हा बसवणार. घरी येईपर्यंत मी ऑपरेशनला तयार झाले होते, आणि कारण होतं शरम. माझं म्हणणं आहे ते इथेच. शरमेपोटी दुसऱ्यांदा पोट कापून घेऊ नये, आणि शरमेपोटी ते टाळूही नये.

दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी काट्यावर उभं करण्याआधी विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" मी म्हटलं, आवाजाचा. त्या म्हणाल्या, "मग आपण वजनाचा आणि जळजळीचा विचार वेगळा करू." एवढं साधं वाक्य, पण ते आधी कुणी बोललं नव्हतं.

कारण दुसरं ऑपरेशन कशासाठी, यावर कोणतं ऑपरेशन हे ठरतं. उरलेली नळी पुन्हा कापून बारीक करणं हा एक पर्याय असतो. तो माझ्यासारखीसाठी उलटा पडू शकतो, नळी अरुंद तर दाब आणखी. दुसरा पर्याय मिनी बायपास, ज्यात एकच जोड असतो. ऑपरेशन लवकर होतं, वजनही चांगलं उतरतं. पण त्यात पित्त वर येण्याची शक्यता असते आणि अन्ननलिकेला आधीच जखमा असताना बरेच सर्जन तो टाळतात. पहिल्या ठिकाणी मला हाच सुचवला होता, कारण त्यांनी काटा पाहिला होता. तिसरा म्हणजे मूळचा, दोन जोडांचा बायपास, ज्याला 'रू-आँ-वाय' म्हणतात. यात वरची अंड्याएवढी पिशवी ठेवून तिला लहान आतडं थेट जोडतात आणि पित्त बरंच खाली येऊन मिळतं. स्लीव्हनंतरच्या जळजळीसाठी साधारणपणे हाच निवडतात. आतडी याहून जास्त वळवणारी ऑपरेशनंही आहेत. त्यांत वजन जास्त उतरतं, पण जीवनसत्त्वं आणि प्रथिनं कमी पडण्याचा धोकाही तितकाच मोठा. जिने बी १२ च्या गोळ्या तीन वर्षांत सोडल्या, तिने त्या वाटेला जाऊ नये. हे मी स्वतःबद्दल सांगतेय.

इंजेक्शनांबद्दल सगळेच विचारतात. माउंजारो २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं, वेगोवी जूनमध्ये. ज्यांची अडचण फक्त परत आलेलं वजन आहे त्यांनी चाकूच्या आधी याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावं. पण ही औषधं पोट रिकामं होण्याची गती मंद करतात, मळमळ आणि जळजळ वाढवू शकतात. माझ्या घशाला ती परवडणारी नाहीत. आणि दर महिन्याचा खर्च शिक्षिकेच्या पगारात बसवून बघा.

काहीच न करणं हाही एक पर्याय आहे आणि तो कुणी पर्याय म्हणून सांगत नाही. मी आठ महिने तेच केलं. पॅन्टोप्राझोल दोन वेळा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, रात्रीचं जेवण सातला, बिस्किटं बंद. चार किलो उतरले. जळजळ निम्मी झाली. पुन्हा दुर्बीण घातली तर जखमा तशाच. नाकातून नळी घालून चोवीस तास आम्ल मोजलं, अन्ननलिकेचा जोर तपासला. हे आठ महिने वाया गेले असं मला वाटत नाही. त्यानंतरचा निर्णय कागदावर उभा होता. लाजेचा त्यात संबंध नव्हता.

दुसऱ्या ऑपरेशनला पहिल्यापेक्षा धोका जास्त असतो, हे कुणी दडवत असेल तर तिथून उठावं. आत चिकटलेलं असतं, शिवण गळू शकते, रक्तस्राव होऊ शकतो. बायपासनंतर जोडाजवळ व्रण होतो. तंबाखू आणि वेदनाशामकं त्याचे जुने दोस्त. जाता जाता: आमच्याकडे बायका मिशरी लावतात आणि डॉक्टरांनी तंबाखू विचारली की "तौबा, नहीं जी" म्हणतात. मिशरी म्हणजे तंबाखूच, भाजलेली. सांगून टाका. आणि कितीही वर्षांनी पोटात कळा येऊन उलट्या सुरू झाल्या तर 'गॅस' म्हणून घरी बसायचं नाही, कारण बायपासनंतर आतडं आतल्या फटीत अडकू शकतं. कारण काहीही असो, उलट्या कित्येक दिवस थांबत नसतील तर थायमिन कमी पडून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. हे मला आठ वर्षांत प्रथमच कळलं.

रमजानचं बोलायला हवं, ते तर अजिबातच कुणी बोलत नाही. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांत २०१७ चा रमजान लागला. तेव्हा रोजे नाहीत हे उघड होतं. पण लोकांना पित्ताशय सांगितलेलं. पित्ताशयवाली बाई महिनाभर रोजे का सोडते? २०१८ ला मी हट्टाने धरले. मे महिना, सोलापूरचं ऊन, चौदा तासांहून मोठा रोजा. सहरीत लोक घटाघट पाणी पितात. माझ्या नळीत दोन घोटांपुढे पाणी उतरतच नाही, दिवसभराचं पाणी भरून घ्यायची सोयच नाही. अकराव्या रोज्याला असरनंतर चक्कर येऊन पडले, दोन बाटल्या सलाईन. आजाऱ्याला सवलत कुरआनातच दिलेली आहे, हे मी मुलांना शिकवते. स्वतःला लावायची वेळ आली तेव्हा लाज वाटली. बायपास झालेल्याने खजूर आणि रूह अफ़ज़ाच्या ग्लासाने रोजा सोडला तर साखर धाडकन आतड्यात जाऊन धडधड, घाम, चक्कर, जुलाब होऊ शकतात. याला 'डंपिंग' म्हणतात. तेव्हा रोजे धरायचे की नाही, कधीपासून, कसे, हे ऑपरेशनच्या आधी सर्जनला विचारायची गोष्ट आहे. गेल्या महिन्यात मी विचारलं. बाईंनी सरळ सांगितलं: पहिलं वर्ष नाही, त्यानंतर रक्ताचे रिपोर्ट बघून ठरवू. मौलाना साहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, डॉक्टर म्हणतील तसं, बरं वाटलं की कजा करा, नाही जमलं तर फिदया आहे. दोन मिनिटांचं काम होतं. मी आठ वर्षं घाबरत होते.

आता थोडी तक्रार. हे ऑपरेशन हप्त्यांवर मिळतं. आधीचे-नंतरचे फोटो भिंतीवर असतात. पण पाचव्या वर्षी रक्त तपासायला या म्हणून फोन करणारं कुणी नसतं. वर्षातून एकदा बी १२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम बघायचं असतं, आणि तेही आयुष्यभर. हा खर्च पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्यायला काय हरकत आहे? तो तक्ता मराठीत, हिंदीत, उर्दूत द्यायला? लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तास ठेवावेत, ही दोन वाक्यं मी एका दुपारी तिन्ही भाषांत लिहून देईन. फी नको.

घरी सांगितलं तेव्हा हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "और एक बार पेट काटने का?" मी म्हटलं, वजनासाठी नाही. वजन थोडं उतरेल, पण पहिल्यासारखं नाही, आणि मला ते चालेल. मुलगी बारावीला आहे, ती कपाटातून माझी फाइल घेऊन आली आणि बसून सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून दिले. अम्मी आता नाही.

तारीख मेच्या पहिल्या आठवड्याची मिळाली आहे. निकाल लावून जाईन, पण जूनमध्ये शाळा उघडल्यावर दोन आठवडे रजा लागेल, म्हणून मागच्या सोमवारी अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात या वेळी पित्ताशय लिहिलं नाही. लिहिलं, 'जठराची बायपास शस्त्रक्रिया.' कारकून साहेबांनी वाचलं आणि घाबरून खुर्ची पुढे केली. "बायपास? टीचर, दिल का?"

"नहीं भाई, पेट का. वजन का पहिला ऑपरेशन हुआ था, उसके बाद का."

त्यांनी अर्जावर शिक्का मारला, आवक नंबर टाकला. मग दाराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाले, "हमारे घर में भी वजन का बहुत तकलीफ है. आप छूटे के बाद बैठते क्या थोड़ा?"

बसले.